दाताची कबर, मन्सूरशहा आणि वाटेवरचे वीरगळ

बीडला येणारे भटके कंकालेश्वर पाहतात, खजाना विहिरीत डोकावतात आणि परततात. त्यांना माझा आग्रह आहे, की या जिल्ह्यात एक अख्खा दिवस कबरी, समाध्या आणि वीरगळांसाठी राखून ठेवा.

सुरुवात करजणीपासून करा. बीडच्या दक्षिणेला बारा-तेरा किलोमीटरवरचं हे गाव. जवळच्या टेकडीवर मुहम्मद तुघलकाच्या दाताची कबर आहे! वरंगळहून परतताना सुलतान आजारी पडला, बीडला त्याचा एक दात पडला, तो त्याने थाटात पुरला आणि त्यावर इमारत उभी केली, असं इतिहासकार फिरिश्त्याने लिहून ठेवलं आहे. खुद्द सुलतान १३५१ मध्ये दूर सिंधमध्ये ठठ्ठ्याजवळ वारला. एवढी विलक्षण जागा, पण तिची आबाळच झाली आहे. रस्ता गावात विचारूनच घ्या. उन्हं चढायच्या आत टेकडी गाठा आणि माणशी दोन लिटर पाणी जवळ असू द्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये या वाटेला जाऊच नका.

तिथून शहराचा पूर्व भाग गाठा. उंचवट्यावर शहेनशहावली दर्गा आहे. शहेनशहावली हे चिश्ती परंपरेतले चौदाव्या शतकातले सूफी. परिसरातलं बांधकाम मात्र पुढची कित्येक शतकं चालू होतं. त्यामुळे घाई करू नका, कमानी आणि दगडकाम शेजारीशेजारी ताडून पाहा. जुन्या कबरींचा माथा नीट न्याहाळा. वर लांबट, कलमदानासारखा उंचवटा असेल तर कबर पुरुषाची, सपाट तख्ती असेल तर बाईची, असा जुना संकेत आहे. नाव कोरलेलं नसलं तरी दगड एवढं सांगतो.

खंडोबाच्या देवळाच्या बाजूला मन्सूरशहांचा दर्गा आहे. महादजी शिंदे या मन्सूरशहांना गुरू मानत. महादजींचं स्मारक असलेली वानवडीची शिंदे छत्री पाहिलेल्या पुणेकरांनी तर इथे यायलाच हवं. खंडोबापुढच्या दोन अष्टकोनी दीपमाळा सुमारे सत्तर फुटी आहेत आणि त्यांच्यावर माणसं-प्राणी कोरले आहेत. दुर्बीण असेल तर आणा. दर्ग्यात डोकं झाका, चपला बाहेर ठेवा, फोटो विचारूनच काढा.

आता वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड. यांच्यासाठी ठरलेलं ठिकाण नाही. गावच्या महादेवाच्या मागे, पाराखाली, वेशीजवळ नजर टाका. शेंदूर फासलेला उभा दगड दिसला की थांबा आणि तो खालून वर वाचा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, पायाशी गायी असतील तर गोधन वाचवताना आलेलं मरण. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य: ते असेपर्यंत कीर्ती टिकावी म्हणून. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल, तर तो सतीचा दगड.

मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी अंबाजोगाई. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आणि संतकवी दासोपंतांची (१५५१–१६१५) समाधी दोन्ही इथेच. पण मला सगळ्यात जास्त भिडतो तो इथला शके ११६२ चा शिलालेख. यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला. त्याच्या स्मरणार्थ बहीण लक्ष्मीने देऊळ बांधलं, ही हकिगत त्यात आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १२४०. लेखात हिजरी साल असेल, तर त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा: खजाना विहिरीचं ९९१ हे साल १५८३ च्या आसपास येतं.

अक्षरं पुसट असतील तर सकाळच्या तिरप्या उन्हात पाहा, किंवा मोबाइलचा टॉर्च बाजूने धरा. खडू, पीठ, तेल, पाणी काहीही लावू नका, घासूही नका. उघड्यावर पडलेला कोरीव दगड आढळला तर जागेवरून हलवू नका, फोटो काढा आणि ग्रामपंचायतीला व पुरातत्त्व खात्याला कळवा.