पीकरक्षणाची बंदूक : परवाना आणि जबाबदारी

मलकापूर भागात आगाशिवच्या डोंगराखाली मका किंवा भुईमूग केला की रानडुकरांची धास्ती असतेच. राखणीला बंदूक हवी असे वाटणे साहजिक आहे. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. अर्ज साताऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालयात करावा. पोलीस चौकशीनंतर निर्णय होतो.

चौकशीला वेळ लागतो, म्हणून कोणी गावठी कट्टा आणून देतो म्हणाल्यास त्याला बांधावरूनच परत पाठवावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला साधारणपणे २ ते ५ वर्षे कैद आहे. शिवाय असा कट्टा चालविणाऱ्याच्याच हातात फुटू शकतो.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मोकळीक नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे डुक्कर मारण्यास वेगळी परवानगी लागते. पिकाच्या नुकसानीबद्दल वनखात्याकडे ताबडतोब अर्ज देऊन पंचनामा करून घ्यावा, म्हणजे भरपाई मागता येते.

खरा धोका रात्रीचा. उसात सळसळ झाली म्हणजे डुक्करच असेल असे नाही. रात्रीच्या विजेवर पाणी पाजणारा शेजारीही वाकून बारे मोडत असतो, आणि उसाचा पाला छर्रे अडवीत नाही. जनावर डोळ्यांनी ओळखल्याशिवाय बंदूक रोखू नये. हाकलण्यासाठी डबे, बॅटरी, आरोळी पुरते. घरी बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी, दारू वेगळ्या जागी. परवान्यात नाव नसलेल्या गड्याच्या हाती ती देऊ नये. वडिलांच्या पश्चात बंदूक माळ्यावर पडून असल्यास ती पोलीस ठाण्यात जमा करावी व वारसाने नवा परवाना मागावा.