सातच्या ठोक्याला उघडं पडलेलं ऑफिस

साउंड मास्किंगच्या कामात सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे टायमर. आणि हँडओव्हरनंतर येणाऱ्या तक्रारी बघाल तर त्यातल्या बऱ्याचशा त्याच्याच नावावर निघतात. स्पीकर, केबल, ॲम्प्लिफायर यांच्यावर क्लायंट महिनाभर घासाघीस करतो. टायमर मात्र शेवटच्या दिवशी, पॅनलचं झाकण लावता लावता, वायरमनच्या अंदाजाने बसतो. "नऊला चालू, सातला बंद. बरोबर ना साहेब?" साहेब मान हलवतात आणि सगळे घरी जातात.

पुण्यात ऑफिसांची साउंडची कामं करताना मला दर वेळी आधी एक गैरसमज दूर करावा लागतो. मास्किंग आवाज काढून टाकत नाही, उलट थोडा घालतं. फॉल्स सिलिंगमधल्या स्पीकरांतून एसीच्या हवेसारखा एकसारखा, हलका आवाज येत राहतो. मोकळ्या हॉलमध्ये साधारण ४५ ते ४७ डेसिबल, बंद केबिनमध्ये ४० ते ४२. पलीकडच्या टेबलावर कुणी बोलतंय एवढं कळतं, पण काय बोलतंय ते कानात शिरत नाही. अर्थात कुठलाही खरखराट चालत नाही. वरच्या पट्टीकडे हळूहळू उतरत जाणारा, त्या त्या जागेवर मोजून बसवलेला आवाज लागतो. यूएसबीवर व्हाइट नॉइजची एमपीथ्री फाइल लावून 'मास्किंग केलं' म्हणणारे महाभागही भेटले आहेत. त्यांच्याबद्दल इथे नको.

खराडीतल्या एका आयटी कंपनीने मला बोलावलं ते 'सिस्टिम बिघडली आहे' म्हणून. काम दुसऱ्याच ठेकेदाराने केलेलं होतं आणि खरं सांगायचं तर ते नीट होतं. दिवसा मीटर लावून हॉलभर फिरलो, कुठेही दीड-दोन डेसिबलच्या वर फरक नव्हता. मग ॲडमिनच्या ताई म्हणाल्या, "सर, तुम्ही दुपारी येऊन काय उपयोग? संध्याकाळी थांबा."

थांबलो. पावणेसातला एएचयू, म्हणजे एसीची हवा फिरवणारं युनिट, बंद झाला, कारण त्याचा टायमर वेगळा आणि तो बिल्डिंगवाल्यांच्या ताब्यात. हवेची घरघर गेल्यावर मास्किंगचा आवाज जरा पुढे आला, एकदोघांनी वर बघितलं. बरोबर सात वाजता पॅनलमध्ये रिले 'टक्' झाला आणि छत एकदम गप्प पडलं. एचआरच्या केबिनचं पार्टिशन फॉल्स सिलिंगपर्यंतच होतं, वर सगळी पोकळी एक. आत कुणाची तरी पगारवाढीची बोलणी चालली होती. "तुझ्या ग्रेडला यापेक्षा जास्त बसतच नाही" हे वाक्य बाहेर बसलेल्या सात-आठ जणांनी एकाच वेळी ऐकलं. एकाने हेडफोन चढवला, बाकीच्यांनी स्क्रीनमध्ये डोकं घातलं.

म्हणजे बिघडलेलं काहीच नव्हतं. टायमर सांगितलेलं काम इमानेइतबारे करत होता, सांगितलेलं कामच चुकीचं होतं.

रात्री लाइट गेली की पंखा थांबतो आणि गाढ झोपलेलं घर जागं होतं. कानाचं असंच आहे. चालू असलेल्या आवाजाची त्याला सवय होते, तो नजर ठेवतो बदलावर. मास्किंग जोवर कुणाच्या लक्षात येत नाही तोवरच ते काम करतं. त्याच कंपनीत सकाळचीही तक्रार होती. सव्वाआठपासून येऊन बसलेल्यांना नऊ वाजता वरून 'ठप्प' असा आवाज यायचा आणि पाठोपाठ सूं सुरू. एकदा ते सुरू होताना ऐकलं की दिवसभर कानात तेच बसतं. दुपारी डोकं दुखलं तरी दोष छतालाच.

टायमर असा का लावला, असं विचारलं तर उत्तर आलं, वीजबचत. हिशोब करून दाखवला. मास्किंगच्या पातळीवर एका मजल्याचा ॲम्प्लिफायर रात्रभर चालला तरी साधारण एखादं युनिट जातं. त्याच मजल्यावर पँट्रीतला पाण्याचा कूलर चोवीस तास चालू होता, त्याच्याबद्दल कुणाचंच काही म्हणणं नव्हतं.

तेव्हा मी आता हे काम घेताना पहिली अट घालतो, ती अशी की ॲम्प्लिफायरची मेन सप्लाय टायमरमधून न्यायची नाही. बहुतेक चांगल्या मास्किंग प्रोसेसरमध्ये वेळापत्रकाची सोय आतच असते, ती वापरायची. दिवसाची एक पातळी, रात्रीची दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये लांबलचक उतार. दिवसा ४६ आणि रात्री ४१ ठेवायचं असेल तर हे पाच डेसिबल एका झटक्यात उतरवू नका. एक-एक डेसिबल, दर बारा-पंधरा मिनिटांनी. एका डेसिबलचा फरक काम करणाऱ्या माणसाला कळत नाही. तीनचा कळतो, पाचचा तर दारातला सिक्युरिटीवालाही सांगेल. सकाळचा चढ पहिला माणूस येण्याआधी संपलेला हवा.

हा पहिला माणूस केव्हा येतो, हे एचआरला विचारू नका. ते ऑफर लेटरमधली वेळ सांगतील. सिक्युरिटीकडून किंवा आयटीकडून पंचिंगच्या नोंदी मागा, दोन-तीन आठवड्यांच्या पुरतात. नावं नकोत, नुसत्या वेळा. ऑफिस 'नऊ ते सहा' म्हणतात तिथे सातला निम्मे लोक बसलेले आणि नऊलाही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेले असतात. संध्याकाळी माणसं कमी म्हणून पातळी खाली आणायची हे ठीक, पण एएचयूही बंद असतो, त्यामुळे उरलेल्या चौघांचं बोलणं दुपारपेक्षा लांब जातं. रात्रीची पातळी म्हणूनच कागदावर ठरवू नका. रात्री थांबून, एएचयू बंद झाल्यावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला म्हणजे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर मीटर धरा आणि मग ठरवा. बिल्डिंगवाल्यांकडून एएचयूच्या वेळा लेखी घ्या, त्या बदलल्या तर कळवायला सांगा. कळवणार नाहीत, तरी सांगा.

पुण्यातल्या आणि ऐरोलीतल्या रात्रपाळीच्या ऑफिसांत खरी गंमत पुढे आहे. न्यूयॉर्कची सकाळी नऊ ते संध्याकाळी सहाची वेळ गाठणारी टीम उन्हाळ्यात आपल्या साडेसहा ते पहाटे साडेतीनपर्यंत बसते आणि हिवाळ्यात साडेसात ते साडेचारपर्यंत. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. त्याच मजल्यावर लंडनची टीम असेल तर तिची तारीख वेगळी, मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. भारतातलं घड्याळ जागचं हलत नाही, इथली माणसं मात्र वर्षातून दोनदा सरकतात. युरोपात बनलेल्या बऱ्याच टायमरांत उन्हाळी वेळेची सोय कारखान्यातूनच चालू करून येते. ती आधी बंद करा, नाहीतर मार्चच्या शेवटी तुमचं भिंतीवरचं घड्याळ एक सांगेल आणि पॅनलमधलं दुसरंच. मग उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं अशी दोन वेळापत्रकं साठवून ठेवा आणि कोणतं कधी लावायचं ते एका माणसाच्या कॅलेंडरवर टाका. एका माणसाच्या, 'ॲडमिन टीम'च्या नव्हे. ही दगदग नको असेल तर दोन्ही वेळा सामावतील असा रुंद पट्टा ठेवा, साडेपाच ते साडेपाच. मला स्वतःला हाच मार्ग आवडतो.

मध्यरात्र ओलांडणारा प्रोग्राम भल्याभल्यांना फसवतो. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी १७:३० ला 'दिवस' पातळी आणि पहाटे ०५:३० ला 'रात्र' पातळी, असं सांगितल्यावर वायरमन दोन्हीकडे सोम-शुक्र निवडतो. पण शुक्रवारी संध्याकाळी सुरू झालेली पाळी संपते शनिवारी. शनिवारचा 'उतर' म्हणून निरोपच नाही, तेव्हा सिस्टिम सोमवारच्या पहाटेपर्यंत वरच राहते. उतरण्याचे वार मंगळ ते शनि हवेत. काही कंट्रोलर सुरुवातीपेक्षा आधीचा शेवट घेतच नाहीत. तिथे १७:३० ते २३:५९ आणि ००:०० ते ०५:३० असे दोन तुकडे करतात आणि मधला एक मिनिट राहून जातो. एका कॉल सेंटरमध्ये रोज रात्री बाराला छत क्षणभर श्वास घेतं, अशी दंतकथा झाली होती. त्यामागे हा एक मिनिट होता. २४:०० घेत असेल तर ते द्या, नाहीतर तुकडे एकमेकांवर थोडे चढवा. आणि घड्याळ चोवीस तासांच्या पद्धतीवर ठेवा. दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा यांत एएम-पीएमचा घोळ होणारच.

सुट्ट्यांच्या मागे लागू नका, हे माझं स्पष्ट मत. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. आता आठवड्याच्या टायमरला दुसरा शनिवार कसा कळणार? गणपती आणि दिवाळी तर दर वर्षी तारीख बदलतात. दर जानेवारीत कुणीतरी यादी भरेल हे मनोराज्य आहे. रिकाम्या ऑफिसात मास्किंग चालू राहिलं तर एखादं युनिट जातं. भरलेल्या ऑफिसात ते बंद राहिलं तर कुणाचा तरी पगार, आजारपण, राजीनामा चारचौघांत येतो. शंका असेल तिथे चालू ठेवा.

आता, क्लायंट हट्टालाच पेटला की पॅनलमधला रेलवर बसणारा साधा टायमरच हवा, तर त्याचा संपर्क सप्लाय तोडायला वापरू नका. प्रोसेसरच्या कंट्रोल इनपुटला जोडून त्याला फक्त 'दिवस' किंवा 'रात्र' एवढं सांगू द्या, उतार प्रोसेसर सांभाळेल. पण इथे जिवाची आणि खिशाची दोन्ही काळजी घ्यायची आहे. काही टायमरांत रिलेचा कॉमन आतूनच फेजला जोडलेला असतो. असा टायमर प्रोसेसरला जोडला तर इनपुटवर २३० व्होल्ट जातात आणि प्रोसेसर गेला म्हणून समजा. सप्लाय पूर्ण बंद करून, टेस्टरने खात्री करून, मल्टिमीटरने कॉमन आणि फेज टर्मिनलमध्ये कंटिन्युइटी बघा. बीप आला तर तो टायमर या कामाचा नाही, मध्ये वेगळा रिले टाकावा लागेल. कंट्रोलची केबल मेनच्या वायरींपासून वेगळ्या मार्गाने न्या आणि पॅनलमधलं काम लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घ्या.

लाइट जाणं-येणं आपल्याकडे आहेच. जनसेट येईपर्यंतच्या काही सेकंदांत प्रोसेसर बंद पडत असेल तर त्याला यूपीएसवर घ्या. सप्लाय परत आल्यावर तो थेट पूर्ण पातळीला उडी मारतो की हळूहळू चढतो, तेही हँडओव्हरच्या आधी एमसीबी पाडून बघा. टायमरची आतली बॅटरी काही वर्षांनी दमते, मग मोठ्या शटडाऊननंतर घड्याळ सोमवार ००:०० दाखवतं आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या दिवशी फोन येतो. नेटवर्कवरून वेळ घेणारा प्रोसेसर असेल तर आयटीवाल्यांना पोर्ट १२३ उघडायला सांगा आणि वेळ +५:३० च लावली आहे ना, हे डोळ्यांनी बघा. मेनूत नुसते पूर्ण तास दिसले की काही जण पाचवर समाधान मानतात.

नव्या ऑफिसात पहिल्या दिवसापासून पूर्ण पातळी लावू नका. ४० च्या आसपास सुरू करून काही आठवड्यांत वर न्या. ही सोयही वेळापत्रकातच असते. लोकांना सांगावं की नाही, यावर आमच्या धंद्यात वाद आहे. मी सांगतो. पुढे कधी कुणी छताकडे बोट दाखवलं तर निदान 'आमच्यावर काय सोडताय' असा सूर निघत नाही.

फायर अलार्म वाजला की मास्किंग लगेच बंद व्हायला हवं, म्हणजे घोषणा स्वच्छ ऐकू येतील. ही जोडणी फायर पॅनलच्या रिलेवरून थेट असू द्या, टायमरच्या वाटेने अजिबात नको. पुढच्या फायर ड्रिलला मुद्दाम बघा की अलार्म चालू असताना वेळापत्रकातली चढण्याची वेळ आली तर सिस्टिम परत बोलायला लागत नाही ना. ड्रिलची वेळ त्या हिशोबानेच मागून घ्या.

तिन्ही पाळ्या चालणाऱ्या ऑफिसात मात्र टायमरचा विषयच काढू नका. टेंडरमध्ये ती ओळ असेल तर क्लायंटशी बोलून काढून टाका, आणि ते पैसे साउंड लेव्हल मीटरच्या कॅलिब्रेशनला लावा. बऱ्याच जणांचं ते कैक वर्षं झालेलं नसतं.