नागाच्या पिल्लाचा पहिला घास

अगं, अंडी फुटून आठवडा झाला आणि एकाही पिल्लानं अन्नाला तोंड लावलं नाही, म्हणून तुझा जीव टांगणीला लागलाय ना? आधी शांत हो. सर्पोद्यानात नव्यानं रुजू झालेल्या प्रत्येकीला या दिवसांत हीच धास्ती असते, आणि बहुतेक वेळा ती अकारणच ठरते.

नागाचं पिल्लू अंड्यातून येताना पोटात बलकाची शिदोरी घेऊनच येतं. ती संपेपर्यंत आणि पहिली कात पडेपर्यंत त्याला भूक अशी नसतेच. ही कात साधारण एक ते दोन आठवड्यांत पडते. तोपर्यंत उथळ वाटीत स्वच्छ पाणी ठेव, थोडा ओलावा राख आणि डब्यात डोकावणं कमी कर. कात पडली की मगच खाण्याचा विचार.

आणखी एक सांगते. सर्पमित्रांनी बांधकामावरून किंवा शेतातून सोडवून आणलेली अंडी असतील, तर वनखात्याच्या सल्ल्यानं ती पिल्लं निसर्गात सोडायचीच असतात. त्यांना उंदीर खायला शिकवत बसू नकोस. आपली मेहनत फक्त कायम इथंच राहणाऱ्या पिल्लांसाठी.

आता त्यांच्याबद्दल. प्रत्येकाला वेगळा, हवेशीर, कुलूपबंद डबा हवाच. नाग दुसरे सापही खातो, भावंडं म्हणून गय करत नाही. डबा मोठा नको, मोठ्या जागेत पिल्लू बिथरतं. तळाला कागद, लपायला सालीचा तुकडा किंवा पालथी पणती. एका टोकाला तीस अंश सेल्सियसच्या आसपास ऊब, दुसरं टोक थोडं थंड. अंग गार असेल तर खाल्लेलंही पचत नाही. डब्यावर क्रमांक घाल आणि दर आठवड्याला वजन लिहून ठेव. अंदाजावर जाऊ नकोस, काट्यावर जा.

कात पडल्यावरही पिल्लं उंदराकडे पाहत नाहीत, याचं कारण समजून घे. रानात एवढंसं पिल्लू छोटे बेडूक, पाली-सरडे, लहान साप धरतं. उंदराचा वास त्याच्या ओळखीचाच नसतो. म्हणून युक्ती सगळी वासाची. पिंकी, म्हणजे उंदराचं मेलेलं, नवजात, गुलाबी पिल्लू घे, ती नागाच्या पिल्लाच्या अंगाच्या जाडीपेक्षा मोठी नको. ती पाण्यानं धुऊन पुसून घे आणि मेलेल्या पालीच्या अंगावर नीट घासून घे. पाल आधी फ्रीजरमध्ये राहिलेली बरी, जंतांची भीती कमी होते. संध्याकाळी पिंकी कोमट करून लपायच्या जागेच्या तोंडाशी ठेव, झाकण लाव आणि निघून जा. सकाळी शिल्लक असेल तर मुकाट्यानं उचल. पुन्हा चार-पाच दिवसांनी. रोज समोर धरलंस तर पिल्लू अन्नालाच घाबरायला शिकेल.

तरीही नाही घेतलं तर पिंकीच्या डोक्याला छोटी चीर दे, आतला वास लवकर पोचतो. काही पिल्लांना लांब चिमट्यानं पिंकी हळूच शेपटीकडे टेकवली की ती रागानं चावतात, आणि तोंडात आलेलं मग गिळायला लागतात. त्या क्षणी पुतळ्यासारखी स्तब्ध राहा. पण फणा काढून मागं सरकत असेल तर ते घाबरलंय, थांब. एकदा खायला लागलं की पालीचा वास हळूहळू कमी करत जा. आणि खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावू नकोस, नाहीतर खाल्लेलं ओकून टाकेल.

जबरदस्तीनं भरवणं हा शेवटचा उपाय. वजन सतत उतरत असेल, पाठीचा कणा दिसू लागला असेल, तरच. तेही पशुवैद्य आणि अनुभवी सहकारी हजर असताना, पिल्लू पारदर्शक नळीत घेऊन. तू एकटीनं त्याची मान धरायची नाहीस, शब्द दे मला. अंड्यातून आलेल्या पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे विष असतं. वीतभर दिसतं म्हणून सैल राहू नकोस. हुक, चिमटा, सोबतीला माणूस, आणि प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं हे आधीच ठाऊक, एवढं असल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

अंडी फुटायचा हंगाम आणि नागपंचमी साधारण एकाच सुमाराला येतात. कुणीतरी हमखास म्हणेल, उपाशी आहे तर थोडं दूध पाज. प्रेमानं सांग, पण ठाम सांग, दूध हे नागाचं अन्नच नव्हे. आणि कुणी घरी पाळायचं म्हणून सल्ला विचारला, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं नागाला संरक्षण आहे, घरी ठेवणं गुन्हा आहे, हेही सांग.

सगळं नीट करूनही एखादं पिल्लू जगणार नाही. रानातही सगळी जगत नाहीत. त्याचं ओझं मनावर घेऊ नकोस, पण नोंद मात्र पूर्ण ठेव, ती पुढच्या खेपेला उपयोगी पडते. बाकी घाई करू नकोस. उपाशी राहून पिल्लू जितकं खंगत नाही, तितकं आपल्या सततच्या ढवळाढवळीनं खंगतं. ऊब, आडोसा, ओळखीचा वास आणि शांतता, एवढं दे आणि वाट पाहा, ताईचं ऐक.