टक्‌ आणि टकटक

किल्ली फिरवली, डॅशबोर्डचे दिवे लागले, पण इंजिन फिरायच्या ऐवजी बॉनेटखालून नुसती टकटक आली, की आमच्या रत्नागिरीत निदान ठरलेलं असतं: बॅटरी गेली. इथल्या खाऱ्या हवेत जुन्या गाड्या सांभाळताना हे निदान कितीदा तरी खोटं ठरलेलं मी पाहिलं आहे. धडधाकट बॅटरी काढून लोकांना हजारोंचा खर्च करायला लावतात, याचा मला मनापासून राग येतो. म्हणून हे अनुभवाचे बोल.

१. आधी नीट ऐका. सलग टकटकटक होत असेल तर सेल्फला वीज मिळते आहे, पण पुरेशी नाही. सोलेनॉइड प्लंजर ओढतो, मोटर वीज मागते, त्या ओढीने व्होल्टेज कोसळतं आणि सोलेनॉइडची पकड सुटते. व्होल्टेज पुन्हा चढतं, पुन्हा तेच. एकच ठाम ‘टक्‌’ होऊन सगळं थांबलं, तर दुखणं वेगळं. आवाजच नसेल तर रिले, फ्यूज, क्लचचा स्विच तपासा. ऑटोमॅटिक गाडीत गिअर पार्कमध्ये आहे ना ते बघा. मेस्त्रीला फोन करताना ‘चालू होत नाही’ एवढंच सांगू नका, आवाज कसा येतो तेही सांगा.

२. हॉर्न वाजतो म्हणून बॅटरी चांगली असं समजू नका. हॉर्नला थोडेच अँपिअर पुरतात. सेल्फला छोट्या पेट्रोल गाडीतही शंभराच्या आसपास लागतात, डिझेलला त्याहून बरेच जास्त. त्यापेक्षा हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे विझायला आले तर संशय बॅटरीवर किंवा जोडांवर. प्रखरच राहिले तर सेल्फकडे किंवा त्याच्या वायरिंगकडे वळा.

३. साधा मल्टिमीटर घरात ठेवाच. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली, १२.२ ला साधारण अर्धी. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना. मीटरच्या पिना क्लॅम्पवर न टेकवता थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवा. टकटक चालू असताना आकडा पार कोसळला तर बॅटरी उतरली आहे किंवा संपली आहे. १२ च्या आसपासच राहिला तर बॅटरीला हात लावू नका, अडथळा पुढे कुठेतरी आहे.

४. हा अडथळा बहुतेकदा टर्मिनलवरच सापडतो. पांढरट-हिरवट थर, किंवा हाताने हलणारा क्लॅम्प. सोडताना आधी निगेटिव्ह. नाहीतर पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला टेकला की ठिणग्या उडतात. गरम पाण्यात खायचा सोडा, जुना ब्रश, मग कोरडं पुसून घट्ट आवळणं आणि वरून पेट्रोलियम जेली. लावताना निगेटिव्ह शेवटी.

५. अर्थिंगकडे कुणी बघत नाही, आणि किनाऱ्यावर खरा घोळ तिथेच असतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे वीज बॅटरीकडे परतते ती जाड अर्थिंगच्या पट्ट्यांतूनच. माझ्या ओळखीच्या एका गाडीला लागोपाठ दोन नव्या बॅटऱ्या घातल्या गेल्या. दोष निघाला गिअरबॉक्सजवळच्या गंजलेल्या बोल्टात. मीटरची एक पिन निगेटिव्ह खुंटावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर परतीची वाट खराब आहे. मीटर नसेल तर जंप केबलची काळी वायर त्याच दोन जागी लावा. गाडी झटक्यात चालू झाली, तर चोर सापडला.

६. एकच ‘टक्‌’ येत असेल आणि वरचं सगळं ठीक असेल, तर सोलेनॉइडचे पॉइंट जळलेत किंवा सेल्फचे कार्बन झिजलेत. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने सेल्फच्या अंगावर लाकडाने हलकेच ठोकायचं. जोरात नको, काही सेल्फमध्ये आतले चुंबक तडकतात. चालू झालीच तर वाटेत बंद न करता थेट ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा.

७. जंप स्टार्ट करताना शेवटची काळी वायर बंद गाडीच्या इंजिनच्या धातूवर, बॅटरीपासून लांब लावा. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो. चालू झाल्यावर साध्या डायनामोच्या गाडीत बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे नसतील तर डायनामो बघा, नवी बॅटरीही उतरेल.

८. गाडी पाण्यात उभी होती आणि आता एकच ‘टक्‌’ येतो, तर पुन्हा किल्ली फिरवू नका. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, तेव्हापासून हे मी प्रत्येकाला सांगतो. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडा, गाडी टो करून न्या, प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढू द्या. आणि विम्यात इंजिनच्या संरक्षणाचं वेगळं कलम घेतलंय का, ते पावसाळ्याआधी वाचून ठेवा.