गॅदरिंगमधलं आफ्रिकन नृत्य : तोंडाला रंग नको, मुलांना ओळख द्या



डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांत गॅदरिंगची तयारी सुरू होते. कोळीगीत, लावणी, शेतकरी नृत्याच्या जोडीला हल्ली ‘आफ्रिकन डान्स’ही बसवतात. बऱ्याचदा तो कसा असतो? तोंडाला काळा रंग, कमरेला झाडपाला, हातात भाला आणि नुसता आरडाओरडा. लोक हसतात, टाळ्या पडतात. पण मूल यातून काय शिकतं? काळा रंग म्हणजे हसायची गोष्ट! आपल्या वर्गातलं सावळं लेकरूही ते बघत असतं, हे विसरून चालणार नाही.

नृत्य बसवूच नये, असं माझं म्हणणं नाही. जरूर बसवा, पण आधी ओळख करून द्या.

आफ्रिका आपल्याला परकी नाही

शहाजीराजांचा धडा शिकवताना मलिक अंबर येतोच. त्याचा जन्म इथिओपियातला. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. 1610 च्या सुमारास त्याने खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. त्याची कबर खुलताबादला आहे. मुरूडचा जंजिराही सिद्दींचाच. गुजरातमधले सिद्दी आजही ‘धमाल’ नाचतात. तिला ‘गोमा’ असंही म्हणतात. स्वाहिली भाषेत ‘ङ्गोमा’ म्हणजे ढोल आणि नाच, दोन्ही. मात्र भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला बावा गोर यांच्या दर्ग्यात हाच नाच श्रद्धेने होतो, हेही मुलांना सांगावं.

कोणतं घ्यावं, कोणतं नको?

आफ्रिकेत 54 देश आहेत. लावणी आणि भांगडा एकच म्हटलं तर आपल्याला चालेल का? म्हणून नृत्याचं नाव आणि देश नेमका सांगा. मलावीतल्या चेवा लोकांचं मुखवट्यांचं ‘गुले वामकुलू’ हा विधी आहे. आपल्या तुळजाभवानीचा गोंधळ कुणी गंमत म्हणून घातला तर आपल्याला कसं वाटेल? तसंच ते. विधी समजून घ्यावा, त्याची नक्कल करू नये.

शाळेसाठी दक्षिण आफ्रिकेचं गमबूट नृत्य छान आहे. जोहान्सबर्गजवळच्या सोन्याच्या खाणींत राबणाऱ्या मजुरांनी ते घडवलं. पाय आपटायचे, टाळ्या वाजवायच्या, बुटांवर थाप मारायची. कष्टकऱ्यांचं नृत्य आहे, आपल्या मुलांना लगेच जवळचं वाटेल.

वर्गात असं करता येईल

1. नकाशावर देश दाखवा, नृत्यामागची गोष्ट सांगा.
2. आधी मूळ ठेका तसाच शिकवा.
3. मग लेझीम आणि हलगीशी जोडा. एक गट बुटांवर ठेका धरेल, दुसरा लेझमीने उत्तर देईल. दोन्ही वेगळे ऐकू आले पाहिजेत.
4. पोशाख साधा ठेवा. शर्ट-पँट, गमबूट. अंगाला रंग नको.
5. नाचाआधी एका मुलाने माईकवर दोन वाक्यांत सांगावं, हे नृत्य कुणाचं आणि कशासाठी.

पालकांनाही एक विनंती. घरी मुलांना “कितवा नंबर आला?” याआधी “हे नृत्य कुणाचं रे?” एवढं जरूर विचारा. उत्तर देता आलं, तर समजा गॅदरिंग सार्थकी लागलं.