बरे वाटले, तरी गोळी बंद नाही

देगलूर तालुक्यातले एखादे घर डोळ्यांपुढे आणा. घरात बारा वर्षांचा मुलगा आहे. तो शाळेत हुशार होता. हळूहळू त्याचे अक्षर बिघडले. हात थरथरू लागला. बोलणे अडखळू लागले. तोंडातून लाळ गळू लागली. कोणी म्हणाले, "लेकराला बाहेरचं लागलं." कोणी म्हणाले, "पोरगं सोंग करतंय."

आईबापांनी त्याला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रक्त तपासले, लघवी तपासली. डोळ्यात पाहिले. बुबुळाच्या कडेला तपकिरी कडे दिसले. डॉक्टर म्हणाले, "हा विल्सनचा आजार आहे."

हा आजार कसला?

आपल्या अन्नात थोडेसे तांबे असते. शरीराला ते लागतेही. जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. ते शौचावाटे निघून जाते. या आजारात यकृताला हे काम जमत नाही. मग तांबे आधी यकृतात साचते, पुढे मेंदूत साचते. कोणाला कावीळ होते, पोट व पाय सुजतात. कोणाचे हातपाय थरथरतात.

ही करणी नाही. हा देवाचा कोप नाही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. तो जन्मापासून अंगात असतो.

१९१२ साली विल्सन नावाच्या डॉक्टरांनी या आजाराची नीट माहिती लिहिली. तेव्हा औषध नव्हते. रोगी दगावत. १९५६ साली इंग्लंडमधील वॉल्श या डॉक्टरांनी पेनिसिलामीन हे औषध शोधले. ते साचलेले तांबे लघवीवाटे बाहेर काढते. हे औषध बहुधा कॅप्सूलमध्ये येते. आपण त्याला गोळीच म्हणू.

गोळी किती दिवस?

मुलाला गोळी सुरू झाली. काही महिन्यांनी त्याचा हात स्थिर झाला. तो पुन्हा शाळेत जाऊ लागला. तेव्हा आजी म्हणाली, "लेकरू आता धडधाकट हाय. मग रोज रोज गोळी कशाला?"

आईने डॉक्टरांना विचारले. डॉक्टर म्हणाले, "बाई, विहीर खोदताना तुम्ही पाणी उपसता ना? उपसा थांबवला तर काय होतं?"

"पुन्हा पाणी चढतं, साहेब."

"तांब्याचंही तसंच. रोजच्या अन्नातून ते येतच राहणार. मुलगा बरा दिसतो, तो गोळीमुळं. गोळी सोडली तर यकृत निकामी होईल. मग जीवावर बेतेल. हे औषध जन्मभराचं आहे."

आईने ते ध्यानात ठेवले. घरी येऊन तिने आजीलाही विहिरीची गोष्ट सांगितली.

गोळी कशी घ्यावी?

१. गोळी रिकाम्या पोटी घ्यावी. जेवणाआधी १ तास, किंवा जेवणानंतर २ तासांनी. दुधाबरोबर घेऊ नये. साध्या पाण्याबरोबर घ्यावी.

२. शाळेत लोहाच्या गोळ्या देतात. लोह आणि ही गोळी एकदम घेऊ नये. लोहामुळे हिचे काम कमी होते. डॉक्टरांना व गुरुजींना आधी सांगावे.

३. जस्ताची गोळी दिली असेल तर तीही याच वेळी घेऊ नये. दोहोंच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्याव्या. 'ब-६' जीवनसत्त्वाची गोळी दिली असेल तर ती चुकवू नये.

४. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. पुष्कळ दिवस खंड पडला तर आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नये. आधी डॉक्टरांना भेटावे.

५. हे औषध प्रत्येक दुकानात मिळेलच असे नाही. डबी संपण्याआधी १५ दिवस नवे आणावे.

६. ताप, अंगावर पुरळ, तोंड येणे, घसा दुखणे, अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, फेसाळ लघवी, पायांवर सूज, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सुरुवातीला थरथर वाढली तरी लगेच कळवावे. सांगितल्या तारखेला रक्त व लघवी तपासून घ्यावी.

७. पेनिसिलीनच्या सुईने पूर्वी त्रास झाला असेल तर आधीच सांगावे. बाईला दिवस गेले तर गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ताबडतोब डॉक्टरांना विचारावे.

भांडे आणि पथ्य

या रोग्याला तांब्याच्या घागरीतले पाणी देऊ नये. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात त्याचे अन्न शिजवू नये. काळीज, खेकडे, काजू, शेंगदाणे, चॉकलेट यांत तांबे जास्त असते. किती खावे ते डॉक्टरांना विचारावे. पण नुसत्या पथ्याने भागत नाही. गोळी हवीच.

भांड्यातले तांबे पोटात जाते, ही गोष्ट खरी आहे. पूर्वी आपल्याकडे तान्ह्या बाळांना यकृताचा एक वेगळा आजार होई. १९८३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी इंग्लंडमधील डॉक्टरांबरोबर त्याचा शोध घेतला. पितळेच्या भांड्यात तापवलेल्या दुधातून बाळांच्या पोटात तांबे जाते, असे त्यांना दिसले. पुढे घरोघरी स्टीलची भांडी आली. तो आजारही फार कमी झाला.

भावंडांचे काय?

आई आणि बाप, दोघांच्याही अंगी एक एक लपलेला दोष असतो. त्यांना स्वतःला त्रास नसतो. पण दोघांचाही दोष मुलात आला तर आजार होतो. अशा घरात प्रत्येक मुलाला हा धोका ४ मध्ये १ असतो. नात्यात लग्न झाले तर असा जोड जुळण्याचा संभव वाढतो. यात आईचा एकटीचा दोष नाही. सुनेला बोल लावू नये.

म्हणून एकाला आजार निघाला की सगळ्या भावंडांची तपासणी करावी. ती धडधाकट दिसली तरी करावी. आजार दिसण्याआधी औषध सुरू झाले तर मूल निरोगी राहू शकते. नांदेडला विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे जाऊन चौकशी करावी.

सांगा पाहू

१. मुलगा बरा झाला, तरी गोळी का चालू ठेवली?
२. गोळी जेवणाआधी किती वेळ घ्यावी?
३. धाकट्या बहिणीला काही त्रास नाही. मग तिची तपासणी कशाला?