कामाचे वय आणि आपली मुले

शास्त्रपाठ : लूक 2:41-52, मार्क 6:3

वार्षिक परीक्षा संपली की शब्बाथ शाळेतील आठवीचा एखादा मुलगा हळूच विचारतो, "सर, सुट्टीत गॅरेजमध्ये कामाला लागू का? घरी चार पैसे देता येतील." आपण "आधी अभ्यास कर" म्हणून त्याला गप्प करतो. परंतु त्याच्या बोलण्यात घरच्या ओढगस्तीची जाणीव असते, आणि ती मोलाची आहे. त्याला उत्तर देण्यासाठी आपल्याला कायदाही ठाऊक हवा आणि त्याचे घरही.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात कारखान्यांचा पहिला कायदा 1881 साली झाला. त्यात 7 वर्षांच्या मुलालाही कामावर घेता येत असे. 12 वर्षांखालील मुलाकडून दिवसाला 9 तास काम घेण्याची मुभा होती. ही वयोमर्यादा 1891 साली 9, 1922 साली 12 आणि 1948 साली 14 वर्षे झाली. एवढ्यासाठी 67 वर्षे लागली, हे मुलांना अवश्य सांगावे.

1986 च्या बालकामगार कायद्याने केवळ काही कामांना बंदी केली होती. 2006 साली घरकाम, हॉटेले व ढाबे यांची त्यात भर पडली. 2016 च्या दुरुस्तीपासून 14 वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला ठेवणे गुन्हा आहे. मालकाला 6 महिने ते 2 वर्षे कैद, किंवा 20,000 ते 50,000 रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शाळा सुटल्यावर वा सुट्टीत घरच्या, धोका नसलेल्या व्यवसायात मदत करण्यास मात्र हरकत नाही. चित्रपटासारख्या करमणुकीच्या कामासही अटींसह सवलत आहे.

14 ते 18 वर्षांच्या मुलांना खाणी, स्फोटके व इतर धोकादायक कामे वर्ज्य आहेत. अन्य कामातही 3 तासांनंतर तासाची विश्रांती आणि आठवड्याची सुट्टी द्यावी लागते. संध्याकाळी 7 ते सकाळी 8 काम घेता येत नाही.

तेव्हा 13 वर्षांच्या मुलाला गॅरेजविषयी "नाही" हेच उत्तर द्यावे लागेल. वडिलांच्या दुकानात त्याने तासभर हातभार लावला तर चालेल.

आपली परीक्षा

12 वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता, प्रश्न विचारत होता. पुढे त्याच्या गावचे लोक त्याला सुतार म्हणून ओळखत. शिकणे आणि श्रम, दोहोंना त्याच्या आयुष्यात मान होता. आपण मुलांना श्रमाची लाज शिकवू नये.

पण उपासनेहून आपण घरी परततो तेव्हा आपली भांडी कोण घासते? "गावाकडची गरीब पोर आहे, जेवूनखाऊन सुखी आहे," असे आपण म्हणतो. ती शाळेत जाते काय? आपली मुलगी त्याच वयाची असती तर?

आणि "नाही" म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. त्या मुलाच्या घरी जाऊन विचारपूस करावी. वह्यापुस्तकांचा खर्च मंडळीने गाजावाजा न करता उचलावा. मंडळीतील सुतार, शिंपी, वायरमन बंधुभगिनींनी सुट्टीत मुलांना आपल्या कलेची ओळख करून द्यावी.

चर्चेसाठी प्रश्न

1. घरची मदत आणि नोकरी यांत फरक कोणता?
2. आपल्या वर्गातील कोणते मूल अलीकडे वारंवार गैरहजर असते? का?
3. त्याच्यासाठी या महिन्यात आपण काय करणार?